भातुकलीतला चहा : बालवर्गासाठी खेळभांड्यांची निवड

बालवर्गासाठी साहित्य खरेदी करावयाची वेळ आली म्हणजे आपल्या शाळांतून बहुधा एकच क्रम दिसून येतो. प्रथम तक्ते घेतले जातात, नंतर मणी, ठोकळे व अक्षरांच्या पाट्या येतात, आणि शेवटी काही रक्कम उरलीच तर दुकानदार जो खेळभांड्यांचा डबा पुढे करील तो घाईघाईने उचलला जातो. तक्ता निवडताना शिक्षक त्यावरील प्रत्येक चित्र न्याहाळतो. कपबशीचा संच निवडताना मात्र तो रंग आणि किंमत यांपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः तीन ते सहा वर्षांचे मूल तक्त्यापुढे जितका वेळ उभे राहते त्याच्या कितीतरी पट वेळ ते या लहानशा भांड्यांपुढे बसते. यास्तव या एकाच वस्तूच्या निवडीचा विचार येथे थोडा सविस्तर करण्याचे योजिले आहे. ज्या शाळांना बालवाटिका जोडलेली आहे त्यांना आणि पहिलीच्या वर्गशिक्षकांनाही तो उपयोगी पडावा.

भातुकली आपल्याकडे जुनी आहे. चूल, तवा, पाटा-वरवंटा, जाते, खलबत्ता, तपेली, घंगाळ, तांब्या, फुलपात्र अशी पितळेची, तांब्याची किंवा लाकडाची चिमुकली भांडी अजून पुष्कळ घरांतल्या माळ्यावर सापडतात. अशी एखादी जुनी पेटी उघडून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते : तीत किटली नसते, कपबशीही नसते. कारण चहा आपल्या घरांत फार उशिरा आला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा झाला, त्या पैशातून पुढे देशातल्या देशात चहाचा प्रसार सुरू झाला, आणि गिरण्या, कारखाने व रेल्वेची स्थानके यांच्या वाटेने तो गावोगाव पोहोचला. आपल्या संस्थानातही राजर्षी शाहू छत्रपतींनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग केला होता. त्यापूर्वी दारी आलेल्या पाहुण्यास तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा देण्याची रीत होती. ती रीत सर्वस्वी गेलेली नाही. पण पाहुणा आल्याबरोबर चुलीवर आधण ठेवणे हा आता आतिथ्याचा पहिला विधी होऊन बसला आहे. मूल जे रोज पाहते तेच खेळते. म्हणून आजीच्या भातुकलीचा आरंभ भाताने होत असे, आणि नातीच्या भातुकलीचा आरंभ ‘च्या घ्या’ या शब्दांनी होतो.

या रिकाम्या कपांच्या खेळात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न काही वडीलधारे शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर देता येते. साधारण दीड वर्षाचे मूल रिकामा कप स्वतःच्या ओठाला लावते व चहा प्याल्याचा आवाज करते. आणखी काही महिन्यांनी ते तोच कप बाहुलीच्या किंवा आईच्या तोंडाशी नेते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला कपाचीही गरज उरत नाही. करवंटी, बाटलीचे झाकण, नुसती ओंजळही त्याला पुरते, आणि खेळात पाहुणा, घरधनीण, हॉटेलवाला अशी माणसे येऊ लागतात. ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या एका लेखात दोन ते तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या अशाच चहापानाचे वर्णन आहे. दोन खेळण्यातल्या कपांत किटलीतून चहा ओतल्याचा अभिनय करावयाचा, मग त्यांतला एक कप उचलून पालथा करावयाचा, झटकावयाचा आणि पुन्हा जागेवर ठेवून मुलास विचारावयाचे, ‘यांतला रिकामा कप कोणता?’ दोन्ही कप मुळात रिकामेच होते. तरी मुले पालथा केलेला कप दाखवीत. म्हणजे कपात काहीही नाही हे मुलास ठाऊक असते आणि त्यात चहा आहे असेही ते धरून चालते. या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी मनात बाळगते व त्यांची गल्लत होऊ देत नाही.

पहिलीच्या शिक्षकाने या ठिकाणी थोडे थांबावे. पाटीवर काढलेली ‘क’ची आकृती म्हणजे प्रत्यक्षात खडूच्या काही रेघा, त्या रेघांत ध्वनी नाही. तरी त्या रेघांच्या जागी एक ध्वनी आहे असे मुलाने धरावे, अशी आपण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून अपेक्षा करतो. एका वस्तूस दुसऱ्या वस्तूच्या ठिकाणी मानण्याची ही सवय ज्या मुलाने भातुकलीत वर्ष-दोन वर्षे केलेली असते त्याच्यापाशी या कामाची पूर्वतयारी झालेली असते. भातुकली खेळलेले प्रत्येक मूल लवकर वाचावयास शिकते असे विधान मी करणार नाही. पण रिकाम्या कपाची टिंगल करणाऱ्याने आपल्या फळ्यावरील अक्षराकडेही एकदा पाहावे.

आता निवडीकडे वळू. माझ्या मते पहिली कसोटी ही की संच मुलाच्या स्वतःच्या घरातला दिसला पाहिजे. दुकानांत मिळणारे बहुतेक संच परदेशी चहापानावरून बेतलेले असतात. त्यांत गोल पोटाची नाजूक किटली, दुधाचा छोटा चंबू, साखरेचे झाकणदार भांडे आणि चमचे असतात. त्या चहापानात पाने किटलीत भिजत घालतात, आणि दूध व साखर ज्याची त्याने घ्यावयाची असते. आपला चहा पातेल्यात उकळतो. दूध, गूळ किंवा साखर, आले हे सारे त्यातच पडते. मग तो गाळण्यातून गाळला जातो, कपातून बशीत ओतून फुंकर घालून पिला जातो. शिक्षणभेटीच्या निमित्ताने मी बालवर्गांत पुष्कळदा कोपऱ्यात बसून पाहिले आहे; दुधाच्या त्या चंबूचे काय करावयाचे हे आमच्या मुलांना उमगत नाही. एके ठिकाणी त्याचा तांब्या झाला होता, दुसऱ्या ठिकाणी देवघरातली झारी. मुलांनी केले ते योग्यच केले, परंतु आपण दिलेली वस्तू त्यांना मदत करीत नव्हती. उलट जेथे एक बसके पातेले, ते उतरवावयास सांडशी, एक गाळणे, टपरीवर असते तशी कडीची किटली, चहापत्तीचा डबा, गुळाचा डबा आणि एक ताटली एवढे होते, तेथे खेळ अर्धा तास चालला. आधण ठेवले गेले, ते उतू गेले, कोणाचा तरी हात भाजला, त्यावर फुंकर मारली गेली, आणि ‘आलं घातलंय का न्हाई?’ म्हणून तक्रारही झाली. गूळपिकाच्या या जिल्ह्यात मुलाने गुळाचा डबा मागावा यात नवल नाही.

गाळणे हे या संचातले सर्वांत उपेक्षित व सर्वांत उपयुक्त भांडे होय. दुकानातल्या डब्यात ते बहुधा नसतेच. ते वेगळे विकत घ्यावे, आणि ते खरे, छोट्या जाळीचे, काम देणारे असावे. वाळू, बारीक खडे व पाणी यांच्यासह ते अंगणात दिले म्हणजे काय खाली जाते, काय वर राहते, याचा शोध मूल कोणी न सांगता घेऊ लागते.

दुसरी कसोटी संख्येची आहे. एक किटली व एक कप असा संच घेऊ नये. चहा हा वाटण्याचा पदार्थ आहे आणि खेळाचे सारे मर्म वाटण्यात आहे. निदान चार, शक्य तर सहा कप व तितक्याच बश्या असाव्यात. प्रत्येक कपाखाली एक बशी आणि प्रत्येक माणसापुढे एक कप हे जुळवताना मूल गणनेच्या मुळाशी असलेली एकास एक संगती हाताने करीत असते. एखादी बशी कमी पडली तर ते थांबते, शोधते, भांडते. ही अडचण तत्काळ दूर करण्याची घाई शिक्षकाने करू नये. कप तर्जनी, मधले बोट व अंगठा यांत नीट धरता येईल एवढा असावा. बाहुलीच्या घरातले अंगठ्याएवढे कप शोभेचे असतात, त्यांत ओतण्याचा सराव होत नाही. किटलीच्या तोटीतून पाण्याची धार खरोखर पडते की नाही, आणि झाकण घट्ट न बसता अलगद बसते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. कित्येक संचांत तोटी नुसती दिखाऊ असते, तिला आरपार छिद्रच नसते.

तिसरी गोष्ट वस्तू कशाची आहे ही. येथे प्रत्येक पदार्थाचे गुणदोष वेगळे आहेत.

भाजलेल्या मातीची भांडी मला सर्वांत प्रिय आहेत, हे मी आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात आणि तालुक्याच्या बहुतेक मोठ्या गावांत कुंभारवाडा आहे. बेंदराचे बैल आणि गणपती करणाऱ्या हातांना चार कप, एक पातेले व एक चूल करणे जड नाही. सांगितले तर ते आपल्या मापाने करून देतात. मात्र भांडी बिनरंगी घ्यावीत. सोनेरी-रुपेरी पूड फासलेली किंवा चकाकणाऱ्या रंगाची घेऊ नयेत. माती फुटते हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो. मी त्यास दोष मानीत नाही, कारण फुटणारी वस्तू मूल जपून धरते, आणि फुटलीच तर नवी आणावयास फारसा खर्च येत नाही. खापराचे तुकडे मात्र शिक्षकाने स्वतः उचलावेत.

लाकडी खेळण्यांसाठी आंबोलीचा घाट उतरून गेले की सावंतवाडी आहे. तेथल्या चितारआळीतील लाकडी खेळणी व भातुकली यांचा लौकिक फार दिवसांचा आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणीही आता आपल्याकडे मिळतात; चरकावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते व लाकडावर गुळगुळीत थर चढतो. लाकडी संच टिकाऊ, हातास ऊबदार व आवाजाने मऊ असतो. पण तो पाण्यात घालता येत नाही. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या भागांतील शिक्षकांस निराळे सांगावयास नको. आषाढात शाळेच्या कपाटातील लाकडी वस्तूंवर बुरशी धरते. तेथे लाकडी संच घेतल्यास पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून हवेवर ठेवावा.

पितळ व तांबे सुंदर दिसते, आणि गावातील एखादी आजी आपली जुनी भातुकली शाळेस प्रेमाने देऊ करते. ती अवश्य स्वीकारावी, मुलांना हाताळूही द्यावी. परंतु तीत चिंच, लिंबू, ताक असे आंबट काही घालू देऊ नये व तीतून खरे काही पिऊ देऊ नये. कल्हई उडालेल्या भांड्याचा कळक आपल्या आयाबायांना माहीत होता. तो धडा खेळभांड्यांसही लागू आहे. पोलादी, म्हणजे स्टीलचे, छोटे संच जत्रेत व भांड्यांच्या दुकानांत सहज मिळतात आणि रोजच्या वापरास तेच सर्वांत सोयीचे पडतात. एवढेच करावे की प्रत्येक भांड्याच्या काठावरून बोट फिरवून पाहावे. काठ दुमडलेला नसेल तर तो कापतो. पत्र्याच्या रंगीत संचाबाबत हीच भीती दुप्पट असते.

प्लॅस्टिकविषयी सरसकट निषेधाचा सूर काढण्यात अर्थ नाही. आपल्या पुष्कळ शाळांत तेच आहे व तेच राहील. परंतु घेताना नियम पाळावेत. केंद्र शासनाच्या खेळण्यांविषयीच्या गुणवत्ता आदेशान्वये १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण आवश्यक झाली आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना यातून सूट आहे, म्हणून तेथे आपली नजर हेच प्रमाणपत्र. जत्रेतील पातळ प्लॅस्टिकचा कप दोन बोटांनी दाबून पाहावा. तडकला तर त्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. उघडताच डोके जड करणारा वास आला तर तो संच परत करावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आले. म्हणजे त्याआधीची रंगवलेली खेळणी कपाटात पडून असतील आणि त्यांचे पोपडे निघत असतील तर ती काढून टाकणेच बरे. कप ही तोंडाला लावावयाची वस्तू आहे. ठोकळ्याचा रंग एक वेळ हातापुरता राहील, कपाचा रंग पोटात जातो. आणि शिसे लहान मुलाच्या वाढत्या मेंदूस थोड्या प्रमाणातही अपाय करते.

आणखी एक सावधगिरी. आपल्या बालवर्गात पुष्कळदा थोरल्या बहिणीच्या कडेवरून दीड-दोन वर्षांचे भावंड येते, कारण आई भांगलणीस किंवा ऊसतोडीस गेलेली असते. त्याला बाहेर बसवणे मनास पटत नाही, आणि बसवूही नये. पण मग संचातील लहान वस्तूंचा विचार त्याच्या दृष्टीने करावा लागतो. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या आखूड नळकांड्यात जी वस्तू पूर्णपणे मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, असे मानकांत धरलेले आहे. पुठ्ठ्याचे तसे नळकांडे करून ठेवावे, आणि झाकणाची मूठ, साखरेचे खोटे तुकडे, मण्यांचे लाडू त्यातून घालून पाहावेत. गाणे म्हणणारी किंवा दिवा लागणारी किटली तर घेऊच नये. तिच्यातील बटणाएवढा सेल मुलाने गिळल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू लागते. अशा प्रसंगी घरगुती उपाय करीत न बसता मुलास थेट रुग्णालयात न्यावे. शिवाय जी किटली स्वतःच उकळल्याचा आवाज करते ती मुलाकरिता काही काम शिल्लक ठेवीत नाही.

खोट्या भांड्यांपेक्षा खरीच लहान भांडी का देऊ नयेत, हा आक्षेप मोठ्या अधिकारी व्यक्तींचा आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह काढले, तेव्हा तेथे ठेवलेल्या उत्तम खेळण्यांकडे मुले फारशी वळत नाहीत व खऱ्या कामात रमतात असे त्यांना दिसले; काचेची आणि चिनी मातीची खरी भांडी मुलांच्या हाती देण्याचा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास हे शिक्षण आत्मसात केले, आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या डोंगरावर अनुताई वाघ यांच्या साथीने ते खेड्यात व आदिवासी पाड्यांत नेले. तेथे महाग साधने बाजूस सारून शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. खरे काम मुलास प्रिय असते याबद्दल माझ्या मनात संदेह नाही, आणि बालवर्गात सहा खऱ्या कपबश्या धुवून पुसून मांडण्याचे काम आठवड्यातून एकदा अवश्य असावे. तथापि त्यामुळे लटक्या चहाची जागा भरून निघते, हे मला मान्य नाही. खऱ्या कपात मूल कप सांभाळते. लटक्या कपात ते माणसे सांभाळते.

माणसे सांभाळण्याचा हा भाग शिक्षकाने सर्वांत जवळून पाहावयास हवा. गुलाबी रंगाच्या डब्यावर मुलीचे चित्र असते, म्हणून संच मुलींच्या कोपऱ्यात जातो आणि मुलगे दूर राहतात. वास्तविक गावच्या स्टँडवरील चहावाला बहुधा पुरुषच असतो. एका शाळेत बाईंनी संच कोपऱ्यातून उचलून उलट्या ठेवलेल्या खोक्यावर मांडला आणि त्यावर ‘चहा’ एवढीच पाटी लावली; त्या दिवशी मुलग्यांची रांग लागली. रंग निवडण्यास वाव असल्यास साधा पांढरा, पितळी किंवा मातकट रंग निवडावा.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. चहाचा कप आपल्या समाजात कधीच नुसता कप नव्हता. गावोगावच्या हॉटेलांत काही लोकांसाठी वेगळा कप बाहेर, वळचणीला किंवा खुंटीला ठेवलेला असे, व तो ज्याचा त्याने विसळून ठेवावयाचा असे. या कोल्हापुरात राजवाड्याच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना वरच्या जातीच्या लोकांच्या पाण्यास शिवल्याबद्दल मार खावा लागला होता. शाहू महाराजांनी त्यांना धीर दिला. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम याच दरबारातून निघाला. कायद्याचे व पत्रकांचे काम पुष्कळ मोठे आहे. पण एक कप हातात घेऊन पिण्यात जे घडले ते कोणत्याही पत्रकाने घडले नसते.

मूल घरात पाहिलेले सारे भातुकलीत आणते, तसे हेही आणते. काही वर्षांपूर्वी एका बालवर्गात मी पाहिले : पाच मुले चहाला बसली होती, कप पाच होते. वाढणाऱ्या मुलीने चौघांना बशीसह कप दिले आणि पाचव्या मुलीपुढे बशीशिवाय, हात न लागेल अशा बेताने, कडेला ठेवला. कोणी काही बोलले नाही. पाचवीनेही तो मुकाट्याने उचलला. वर्गाच्या बाई तेथेच होत्या. त्यांनी कोणास रागावले नाही, समतेवर भाषणही केले नाही. त्या उठल्या, पाचव्या मुलीच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि तिला म्हणाल्या, “मला दे की तुझ्यातला घोटभर.” तिने कप पुढे केला, बाईंनी तो ओठाला लावला, “गोड झालाय” म्हणाल्या व परत दिला. मग वाढणाऱ्या मुलीकडे वळून त्यांनी एक बशी मागितली. दुसऱ्या दिवसापासून कप वाढण्याची पाळी त्यांनी रोज बदलली, आणि पाचव्या मुलीची पाळी पहिल्याच आठवड्यात आली. महिन्याने मी पुन्हा गेलो तेव्हा किटली तिच्याच हाती होती आणि बाकीची मुले तिच्याकडे हात पुढे करून बसली होती. घरोघरी काय बदलले हे मला सांगता येणार नाही. वर्गात काय बदलले ते मी पाहिले.

म्हणून कप सर्व एकसारखे असावेत, असा माझा आग्रह आहे. एक मोठा, एक चिरलेला, एक वेगळ्या रंगाचा असा जमवलेला संच दिसावयास गंमतीचा असतो, परंतु त्यातला चिरलेला कप कोणाच्या वाट्यास जातो हे चार दिवस पाहिले म्हणजे माझे म्हणणे पटेल.

खेळ चालू असता शिक्षकाने काय करावे? बहुतेक वेळ काहीच करू नये. आपला स्वभाव असा की मूल तीन कप मांडून बसले की आपण वाकून विचारतो, ‘तीन कप आहेत, आणखी दोन आणले तर किती?’ पाहुणा उठून जातो, चहा निवतो, मूल परीक्षेस बसते. गणित त्या खेळात आधीच चालू आहे, त्यास आपल्या प्रश्नाची गरज नाही. बोलावयाचेच असेल तर पाहुणा होऊन बोलावे : ‘आम्ही चौघं आलोय, पुरंल का?’ तसेच बोली सुधारण्याची घाई नको. मूल ‘च्या पिऊन जावा’ म्हणाले तर ते शुद्ध आतिथ्य आहे. ‘चहा पिऊन जा’ हे प्रमाण रूप पाटीवर व गोष्टीत त्याला मिळणारच आहे. भातुकलीत मात्र घरची भाषा घरात आल्यासारखी वावरू द्यावी. उकळणे, उतू जाणे, निवणे, गाळणे, विसळणे, ओतणे, सांडणे अशी कितीतरी क्रियापदे या एका खेळात मुलांच्या तोंडी येतात. ती दिवसाअखेर आठवून टिपून ठेवावीत. पुढे पहिलीत वाचनपाठ तयार करताना शिक्षकाच्या फार उपयोगी पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर एक धरला आहे आणि २०२३ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ‘जादुई पिटारा’ या साहित्यपेटीतही खेळण्यांना स्थान दिले आहे; तेव्हा बालवर्गाची भातुकली पहिलीच्या दाराशी काढून घेण्याचे कारण उरलेले नाही.

पैसा नसेल तर माती आहे. मुलांकडूनच कप करून घ्यावेत, पण ते माघ-फाल्गुनात. मृगानंतर काही वाळत नाही. ओढ्याकाठची चिकण माती खडे काढून, एक रात्र भिजवून, मळून घ्यावी. गोळ्यात अंगठा घालून फिरवीत गेले की वाटी होते. कान जोडताना दोन्ही जागी काडीने ओरखडे पाडून पातळ कालवलेली माती लावावी, नाहीतर वाळताना तो गळून पडतो. भांडी सावलीत सावकाश वाळवावीत. उन्हात ठेवल्यास ती तडकतात. पुढे गावातील कुंभारदादांना विनंती केल्यास ते आपल्या आव्यात ती एका कडेला लावून देतात, आणि त्या निमित्ताने मुलांना आवा पाहावयास मिळतो. निम्मी भांडी फुटून निघतील हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

संच लहान मुलाचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर, झाकण नसलेल्या टोपलीत ठेवावा. वर, कुलपात, फक्त तपासणीच्या दिवशी काढावयाचा संच हा न घेतलेल्या संचासारखाच आहे. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत तो रोज साबणाच्या पाण्याने धुवावा, एरवी आठवड्यातून एकदा. धुण्याचे काम मुलेच आनंदाने करतात. शाळा सुटताना कप, बश्या व झाकणे मोजून टोपलीत ठेवण्याची पाळी आळीपाळीने द्यावी. एखादा कप मोजणीत कमी भरला तर दप्तरे तपासू नयेत व कोणाचे नाव घेऊन विचारू नये. टोपलीत त्याची जागा तशीच रिकामी ठेवावी. तो बहुधा दोन-तीन दिवसांनी, घरी धाकट्या भावंडास चहा पाजून, कोणाच्या तरी खिशातून परत येतो.